शाश्वत की टिकाऊ: भोजनगृहातील पाच शेंगांचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या निवासी संस्थेच्या भोजनगृहाला लागून तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने बागेकडे उघडा असा एक चौक आहे. वर छप्पर आहे, खाली फरशी आहे आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ओलांडूनच आत जावे लागते. या चौकात एक शिल्प असावे आणि ते त्याच स्वयंपाकघरातून निघणाऱ्या टाकाऊ पदार्थांतून घडलेले असावे, अशी संस्थेची इच्छा होती. संस्था आणि माणसे यांची ओळख पटू नये म्हणून काही बाह्य तपशील येथे बदलले आहेत. मी या कामात सामग्री सल्लागार होतो, त्यामुळे पुढील चुकांपैकी काही माझ्याच आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हा आकडा संस्थेच्या एका बैठकीत वाचला गेला आणि तेथूनच शिल्पाचा विषय निघाला. काम एका अनुभवी शिल्पकर्तीकडे सोपवण्यात आले.

त्यांच्या प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत ‘शाश्वत शिल्प’ असे शब्द होते. शिल्पकर्तींच्या मनात त्यांचा अर्थ असा होता की, जे मातीतून आले ते मातीला परत जाईल आणि मागे कचरा उरणार नाही. प्रशासकीय अधिकाऱ्यांनी तोच शब्द कोशातल्या अर्थाने वाचला: शाश्वत म्हणजे कायम राहणारे. पर्यावरणाच्या संदर्भात हा शब्द आपल्याकडे रूढ झाला खरा, पण कुजणे हेच ज्या वस्तूचे भूषण, तिला शाश्वत म्हणण्यातली विसंगती तेव्हा आमच्यापैकी कोणालाच खटकली नाही. शिल्प किती दिवस उभे राहणार, हे पहिल्या बैठकीत ‘साधारण वर्षभर’ असे तोंडी बोलले गेले होते. करारात ते उतरले नाही.

सामग्री आणि घडण

रचना पाच उभ्या शेंगांची होती. प्रत्येक शेंग माणसापेक्षा थोडी उंच, एका बाजूने उकललेली, आत बी असावे तशी पोकळी. सांगाडा बांबूचा आणि त्याची बांधणी तागाच्या सुतळीची. सांगाड्याभोवतीचे अंग धिंगरी अळिंबीच्या तंतुजालाने घट्ट झालेल्या भुशाचे, त्यावर अंड्याच्या कवचांपासून केलेल्या खवल्यांसारख्या चकत्या, कमरेशी कॉफीच्या चोथ्याचा गडद पट्टा आणि उकललेल्या कडेला वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची झालर.

तंतुजालाचे तुकडे तयार करताना अळिंबी पिकवणारे जे करतात तेच करावे लागते, फक्त अळिंबी उगवण्याआधी थांबायचे असते. काड आणि लाकडाचा भुसा वाफेवर निर्जंतुक करून त्यात स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, मिसळायचे, मिश्रण साच्यात भरायचे आणि सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला अंधारात ठेवायचे. एक-दोन आठवड्यांत पांढरे तंतू कणाकणाला शिवून टाकतात आणि सैल भुसा एकसंध, हलका तुकडा होऊन साच्यातून निघतो. मग तो वाळवून तापवायचा, म्हणजे कवक मरते आणि वाढ थांबते. २०१४ साली न्यू यॉर्कच्या ‘मोमा पीएस१’ या कलाकेंद्राच्या अंगणात अशाच सुमारे १०,००० विटांचा उंच मनोरा उभारला गेला होता आणि हंगाम संपल्यावर त्याचे खत करण्यात आले. आमच्यापुढे ते उदाहरण होते. तो मनोरा एका उन्हाळ्यापुरता होता आणि आमच्या वर्षात पावसाचे महिनेही येणार होते, हे आम्हांला ठाऊक होते, पण त्याचा हिशेब आम्ही मांडला नाही.

कवचांचे काम सगळ्यांत वेळखाऊ निघाले. अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, वजनाच्या सुमारे ९५ टक्के, म्हणजे खडूचा आणि संगमरवराचा जो घटक तोच. आतल्या पातळ पापुद्र्यात मात्र प्रथिने असतात आणि साठवलेल्या कवचांना वास येतो तो मुख्यतः त्याचा आणि चिकटून राहिलेल्या बलकाचा. कवचे उकळून घेतली की साल्मोनेला या रोगकारक जीवाणूंचा धोका जातो आणि ओले असतानाच पापुद्रा अंगठ्याने ओढून काढता येतो. एकदा का कवच वाळले, की तो असा चिकटून बसतो की नखाने खरवडावा लागतो. नंतर भट्टीत वाळवणे, दळणे आणि चाळणे. चाळणीखालची बारीक पूड आणि वर राहिलेली रवाळ भरड यांचे मिश्रण लागते, कारण नुसत्या पुडीची चकती वाळताना भेगाळते आणि नुसत्या भरडीच्या चकतीतून हाताला रवा गळत राहतो. बंधक म्हणून तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट वापरले. खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी ते वापरतात, त्यामुळे भोजनगृहाला ते साजेसेही होते. ओल्या चकतीवर कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण फवारले की अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि चकती पाण्यात न विरघळणारी होते.

सहा आठवडे कवचे, चोथा आणि साली वेगवेगळ्या करण्याचे, धुण्याचे आणि पापुद्रे सोलण्याचे काम स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांनी आपले रोजचे काम सांभाळून केले. त्यासाठी वेगळी वेळ दिली गेली नाही, वेगळा मोबदलाही दिला गेला नाही. उद्घाटनाच्या दिवशी लावलेल्या फलकावर शिल्पकर्तींचे आणि संस्थेचे नाव होते. कर्मचाऱ्यांचा उल्लेख नव्हता.

अडचण

पहिला महिना उत्तम गेला. दमट हवा सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर कॉफीच्या पट्ट्यावर हिरवट-करड्या बुरशीचे ठिपके दिसू लागले. सालींच्या झालरीला मुंग्यांची रांग लागली. चकत्यांवर हात ठेवला तर त्या घाम आल्यासारख्या ओलसर लागत. पाचवी शेंग पायाशी मऊ पडली आणि दोन बोटे बागेकडे कलली.

त्यातच एका सकाळी तिसऱ्या शेंगेच्या बुंध्याशी, दोन चकत्यांच्या फटीतून, करड्या शिंपल्यांसारख्या धिंगरीचा झुबका बाहेर आलेला दिसला. कवक मेले आहे असे आम्ही सगळ्यांना सांगितले होते आणि ते तर राजरोस फुलले होते. एक कर्मचारी अर्धवट थट्टेने सुरी घेऊन आला, कारण अळिंबी दिसायला ताजी आणि चांगली होती. ती खाण्यासाठी वापरू नये असे मी सांगितले, कारण त्या तुकड्याच्या आत आणखी कोणत्या बुरशा वाढत आहेत याची कोणालाच खात्री देता येत नव्हती. धिंगरी बीजाणू फार मोठ्या प्रमाणात सोडते आणि तिची लागवड करणाऱ्यांना त्या बीजाणूंमुळे फुप्फुसाचे विकार होतात हे जाणकारांना माहीत आहे, म्हणून टोप्या पूर्ण पसरण्याआधीच झुबका कापून पिशवीत बंद केला.

त्याच दिवशी स्वयंपाकघर प्रमुखांनी लेखी कळवले की, जेवणघराच्या दारात बुरशी चालणार नाही. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. प्रशासकीय अधिकाऱ्यांनी सुचवले की, शिल्पावर पारदर्शक राळेचा हात मारावा, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. शिल्पकर्तींनी उत्तर दिले की, राळ लावण्यापेक्षा त्या शिल्प उतरवतील. ‘पण तुम्हीच तर शाश्वत म्हणाला होता,’ असे अधिकारी बैठकीत म्हणाले, आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींवर सही केली होती हे तेथे पहिल्यांदा उघड झाले.

कारणांचा शोध

पहिला निर्णय हाच होता, की लगेच काही करावे, की आधी कारण शोधावे. स्वयंपाकघर प्रमुखांनी दहा दिवस दिले, तेही शेंगा सुती कापडाने झाकून आणि भोवती दोर बांधून. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता आणि तो ज्यांची गैरसोय सर्वाधिक होत होती त्यांनी घेतला.

आम्ही तीन साध्या गोष्टी केल्या. पट्ट्याच्या उंचीवर आर्द्रतामापक टांगला. प्रत्येक शेंगेच्या पायाशी रोज सकाळी ओल जेथवर चढली असेल तेथे खडूची रेघ ओढली. काही चकत्या काढून रोज त्याच वेळी वजन केल्या.

आर्द्रतामापकाने वेगळीच गोष्ट सांगितली. दिवसभर आर्द्रता सहन होण्याजोगी असे, मात्र प्रत्येक जेवणानंतर ती झपाट्याने वाढे आणि काही तास ८० टक्क्यांच्या वर राही. पृष्ठभागावरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बहुतेक बुरशांना तेवढे पुरते. वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की, भांडी धुण्याच्या खोलीतील वाफ बाहेर टाकणारा पंखा थेट चौकात उघडतो. आराखड्यात तो नव्हता, आणि आम्ही जागा पाहायला गेलो होतो ती दोन जेवणांच्या मधल्या निवांत वेळी.

खडूच्या रेघा रोज थोड्या वर सरकत होत्या. चौकाची फरशी रोज रात्री नळी लावून धुतली जात होती, आणि शेंगा सरळ फरशीवर उभ्या होत्या. बांबू आणि भुसा दोन्ही पाणी वर ओढतात. पाचवी शेंग फरशीच्या उताराच्या टोकाला होती, म्हणून तिला ओल सर्वांत जास्त लागली. शिल्प कलण्यामागे पावसाचा काही संबंध नव्हता.

चकत्यांचा घाम हे मात्र रसायनाचे काम होते. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेऊन स्वतःच विरघळते. कपाटात ओल शोषायला ठेवतात त्या डब्यांत हाच क्षार असतो. फवारणीनंतर चकत्या स्वच्छ पाण्यातून काढायला हव्या होत्या. पहिल्या खेपेच्या चकत्या तशा काढल्या होत्या आणि त्या कोरड्याच राहिल्या. उद्घाटन जवळ आल्यावर केलेल्या खेपांत ही पायरी गळली होती.

कॉफीच्या पट्ट्याची चूक सर्वस्वी माझी. मी केलेले नमुने एक सेंटिमीटर जाडीचे होते, ते लवकर आणि आतपर्यंत वाळले, त्यावर बुरशी आली नाही आणि मी होकार दिला. प्रत्यक्ष पट्टा चार सेंटिमीटरचा झाला, कारण दुरून तो उठून दिसायला हवा होता. अशा वस्तूच्या आतले पाणी बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी चौपट झाली की वेळ सोळापट लागतो. आम्ही पाच दिवसांचे पंधरा दिवस केले आणि समाधानी झालो. पट्टा बाहेरून टणक होता आणि आत गाळलेल्या कॉफीइतकाच ओला.

तंतुजालाचेही तेच झाले होते. मोठे तुकडे भट्टीत मावत नव्हते, म्हणून ते पंख्याखाली वाळवून वरून गरम हवेचा झोत दिला होता. गाभ्याचे तापमान कोणी मोजले नव्हते.

समोरचे पर्याय

राळेचा पर्याय आम्ही हेटाळणीने बाजूला सारला नाही, कारण एवढ्या मोठ्या भोजनगृहाच्या दारात स्वच्छतेचा प्रश्न कलावंताच्या तत्त्वापेक्षा लहान नसतो. पण तांत्रिकदृष्ट्याही तो टिकत नव्हता. आतला पट्टा आणि गाभा ओला असताना बाहेरून हवाबंद थर दिला असता तर पाणी आत कोंडले असते आणि कुजणे नजरेआड चालू राहिले असते. शिवाय एपॉक्सी राळ प्रकाशात पिवळी पडते आणि कवच, भुसा व राळ यांचा असा गोळा मागे राहिला असता की ज्याचे ना खत होते ना पुनर्वापर. बाहेरून एक आणि आतून दुसरेच, ही पद्धत अन्नशिल्पांत अनोळखी नाही. अमेरिकी कलावंत कारा वॉकर यांनी २०१४ साली ब्रुकलिनच्या जुन्या साखर कारखान्यात उभारलेल्या प्रचंड साखरेच्या शिल्पाचा गाभा पॉलिस्टायरीन फोमच्या ठोकळ्यांचा होता. त्या शिल्पाचा विषय वेगळा होता, म्हणून तेथे ते चालून गेले. आमच्या फलकावर ‘मातीला परत’ असे लिहिलेले होते.

नैसर्गिक लेपांची यादी दिसायला आकर्षक होती, पण प्रत्येकाला काही ना काही अट होती. मधमाशांचे मेण ६० अंशांच्या थोडे वर वितळते, त्याआधीच मऊ पडते आणि धूळ धरते. शेलॅक, म्हणजे लाखेचे रोगण, दमट हवेत पांढुरके पडते. जवसाचे तेल सावकाश वाळते, दमट जागी स्वतःच बुरशीचे खाद्य बनते, आणि त्याची फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात, हे स्वयंपाकघराशेजारी विसरून चालणार नव्हते. चुन्याचा हात या सगळ्यांत बरा ठरला, कारण ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बुरशीला पाय रोवता येत नाही, आणि आतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. त्याची मर्यादा अशी की, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कार्बोनेट बनतो आणि त्याची तीव्रता उतरते. म्हणजे हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

तिसरा पर्याय शिल्पकर्तींना मनापासून पटणारा होता: जे होत आहे ते होऊ द्यावे. त्याला परंपरा आहे. अमेरिकी कलावंत झो लेनर्ड यांनी १९९२ ते १९९७ या काळात खाऊन झालेल्या फळांच्या साली शिवून एक काम केले. त्या साली टिकवण्याची पद्धत एका संवर्धनतज्ज्ञाने प्रयोग करून शोधून काढली, तेव्हा लेनर्ड यांनीच ती नाकारली, कारण सुकून नाहीसे होणे हाच त्या कामाचा गाभा होता. दुसरीकडे कलावंत डीटर रोट यांनी १९७० साली लॉस एंजेलिसमध्ये ३७ सुटकेसांत चीज भरून प्रदर्शन मांडले आणि माश्या व अळ्यांनी दालन भरून गेले. संग्रहालयात येणारा माणूस असे काही पाहायचे ठरवूनच येतो. भोजनगृहात येणारा भूक लागली म्हणून येतो आणि त्याला चौक टाळता येत नाही. हा फरक मांडला स्वयंपाकघर प्रमुखांनी, आणि शिल्पकर्तींनी तो लगेच मान्य केला.

शिल्प पूर्ण उतरवणे हा चौथा पर्याय. तो कोणालाच नको होता, पण मुदत ठरवून तो खुला ठेवला: महिनाभरात बुरशी परत आली तर चर्चा न करता शिल्प उतरवायचे.

निर्णय आणि कृती

शेवटी जे ठरले त्यात थोडे थोडे सगळ्यांचे होते. कॉफीचे पट्टे आणि सालींची झालर काढून खतात टाकली. शिल्पकर्तींना पट्ट्याच्या गडद रंगाचे फार वाईट वाटले, कारण पाचही शेंगांना एका रेषेत बांधणारा तोच होता. त्या जागी त्यांनी पोकळ सांगाडा तसाच उघडा ठेवला, आणि मला विचाराल तर बांबूची ती उघडी कंबर पट्ट्यापेक्षा जास्त बोलकी झाली.

चकत्या उतरवून दोनदा स्वच्छ पाण्यात बुडवून वाळवल्या. तंतुजालाचे तुकडे सुटे करून लहान खेपांत भट्टीत घातले, आणि गाभ्यात तापमापकाची सळई खुपसून तेथे ७० अंश काही तास राहील याची खात्री केली. आतल्या पृष्ठभागाला चुन्याचे दोन हात दिले. शेंगा भाजलेल्या विटांच्या वीतभर उंच चौथऱ्यांवर उभ्या केल्या आणि प्रत्येक चौथऱ्यावर दगडी लादी ठेवली, म्हणजे ओल वर चढू नये. शिल्पाभोवतीची फरशी नळीने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची असे ठरले.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र शिल्पाला हातही न लावता झाला. वाफेच्या पंख्याला वाकडा नळ जोडून त्याचे तोंड बागेकडे वळवले. त्याला दोन तासांचे काम लागले आणि परवानगीला तीन आठवडे.

पाचव्या शेंगेचा बुंधा वाचण्यासारखा नव्हता. ती बागेत उघड्यावर नेली, लेप न लावता जमिनीवर उभी केली आणि शेजारी एक वही ठेवली. जे कुजायचे ते तेथे, सर्वांसमक्ष कुजेल. दारातल्या चार शेंगा वर्षभर स्वच्छ उभ्या राहतील. अधिकाऱ्यांना हवा असलेला टिकाऊपणा आणि शिल्पकर्तींना हवे असलेले परत जाणे, दोन्हींना जागा मिळाली.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्याच बैठकीत निघाला, कारण देखभालीचे नवे काम पुन्हा त्यांच्याच अंगावर येणार होते. स्वयंपाकघर प्रमुखांनी सांगितले की, आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेत धरला गेला तरच पुसण्याची जबाबदारी घेतली जाईल. ते मान्य झाले. फलक बदलला आणि त्यावर ‘कवचे निवडणारे व सोलणारे’ म्हणून स्वयंपाकघर विभागाचा उल्लेख आला. फलकावर शिल्प उतरवण्याचा महिनाही लिहिला.

काय निष्पन्न झाले

चारही शेंगा ठरलेल्या महिन्यापर्यंत उभ्या राहिल्या. बुरशी एकदा परत आली, चौथ्या शेंगेच्या मागच्या बाजूला तळहाताएवढी. चुन्याचा तिसरा हात द्यायचा राहून गेला होता. तो दिल्यावर ती गेली.

बागेतली शेंग सातव्या आठवड्यात पडली. पक्ष्यांनी काड उपसून नेले, भुशाचे अंग पावसात विरघळल्यासारखे खचले, सांगाडा काही महिने तिरपा उभा राहिला. वहीत लोकांनी बरेच लिहिले, चित्रेही काढली. चकत्या मात्र जमिनीवर पांढऱ्या वर्तुळासारख्या पडून राहिल्या आणि वर्ष उलटल्यावरही त्यांतल्या बहुतेक ओळखू येत होत्या. कॅल्शियम कार्बोनेट आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते. उदासीन मातीत, आणि तेही भरड स्वरूपात, त्याला फार काळ लागतो. ‘मातीला परत’ हे आमचे वाक्य भुसा, काड आणि सुतळी यांच्या बाबतीत खरे ठरले, चकत्यांच्या बाबतीत अर्धेच. कंपोस्ट होणाऱ्या वेष्टनांसाठी युरोपात जे ईएन १३४३२ हे मानक वापरतात, त्यात १२ आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त भाग उरू नये अशी अट आहे, आणि वस्तूच्या कोरड्या वजनाचा किमान निम्मा भाग सेंद्रिय असावा अशीही. आमची चकती दोन्ही कसोट्यांवर नापास झाली असती. त्यात विषारी काही नव्हते, पण शब्द जपून वापरायला हवे होते.

चार शेंगा उतरवताना आणखी एक गोष्ट हाती लागली. सांगाड्याच्या वरच्या सांध्यांत, सुतळीच्या आत, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, एकूण मूठभर. उद्घाटनाच्या आदल्या रात्री सुतळी ओली होऊन सैल पडत होती, तेव्हा उभारणी करणाऱ्यांनी त्या आवळल्या होत्या आणि वरून सुतळी गुंडाळली होती. त्यांना दोष देता येत नाही. रात्री अकरा वाजता सांधा सुटू लागला तर काय वापरायचे, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते.

कचऱ्याच्या हिशेबाबाबतही प्रामाणिक राहायला हवे. शिल्पात गेलेला टाकाऊ माल स्वयंपाकघराच्या एकूण ओल्या कचऱ्याच्या मानाने नगण्य होता, आणि कवचे उकळायला, वाळवायला व तुकडे तापवायला लागलेली वीज आम्ही सुरुवातीला मोजलीच नव्हती. कचऱ्यात खरा फरक पडला तो भलत्याच वाटेने. सहा आठवडे सगळे हाताने निवडताना कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की, बादलीत सर्वांत जास्त येतो तो ताटात उरलेला पाव. स्वयंपाकघर प्रमुखांनी तेव्हापासून पाव अर्धे करून ठेवायला सुरुवात केली आणि ज्याला आणखी हवा त्याने पुन्हा घ्यावा अशी सोय केली. शिल्प उतरले, पण ही पद्धत अजून चालू आहे.

पुन्हा करायचे झाल्यास

जागेची पाहणी चोवीस तासांची असावी, निदान एक पूर्ण जेवण, त्यानंतरची भांडी आणि रात्रीची धुलाई तरी डोळ्यांनी पाहावी. ही कामे चालू असताना कोणी पाहिली असती तर निम्म्या अडचणी कागदावरच संपल्या असत्या.

नमुना करायचा तर खऱ्या जाडीचा करावा. लहान नमुना रंग आणि पोत दाखवतो, वाळण्याबद्दल तो दिशाभूलच करतो. हे मला आधीपासून माहीत होते, आणि तरीही तारीख जवळ आल्यावर मी त्याकडे दुर्लक्ष केले. एक तुकडा मधोमध कापून पाहिला असता तर पाच मिनिटांत कळले असते.

उद्घाटनाची तारीख सामग्रीच्या वाळण्यावरून ठरवावी की पाहुण्यांच्या सोयीवरून, यावर मात्र आमच्यात आजही एकमत नाही. प्रशासकीय अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, तारीख नसेल तर संस्थेत काहीच उभे राहत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. न धुतलेल्या चकत्या, ओला पट्टा, न मोजलेला गाभा आणि प्लास्टिकच्या पट्ट्या या चारही गोष्टी शेवटच्या घाईत घडल्या, हेही तितकेच खरे.

पाचवी शेंग पहिल्या दिवसापासूनच बागेत ठेवायला हवी होती, असे शिल्पकर्तींना वाटते. मला तसे वाटत नाही. ती दारातून बागेत गेली हे लोकांनी पाहिले, म्हणूनच त्यांनी वही उघडली.

संस्थेने आता दुसऱ्या एका कामाचा मसुदा पाठवला आहे. त्यात ‘शाश्वत’ हा शब्द खोडून त्या जागी हाताने ‘अकरा महिने’ लिहिले आहे, आणि त्याखाली एक नवा रकाना आहे: ‘फरशी कोण व कशी पुसणार’. तो अजून कोणी भरलेला नाही.